खुजेपण आणि आईवर येणारा आळ



मी वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायली चाळता चाळता केस पिकलेला, बी. ए. पर्यंत शिकलेला मनुष्य. तरीही सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून ‘अकाँड्रोप्लेझिया’ या अस्थिविकाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण असे मूल जन्मले की पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला. ग्रहण पाळले होते का? माहेरी कुणी असे होते का? महाराष्ट्रापासून इतक्या दूर, झाशीत, जिथे माहेरचे माणूस चटकन पाठीशी उभे राहू शकत नाही, तिथे तो प्रश्न अधिकच बोचतो.

शास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे. हातापायांची हाडे टोकांजवळच्या कूर्चेतून वाढतात. त्या वाढीला आवर घालणारे एक जनुक चौथ्या गुणसूत्रावर असते. त्यात एका अक्षराचा फेर पडला की तो आवर सुटतच नाही. हे १९९४ साली उलगडले. सुमारे २५,००० जन्मांमागे एक असे याचे प्रमाण. त्यांतील पाचांपैकी चार मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचेच असतात. फेर नव्याने घडतो, आणि तोही जवळजवळ नेहमी पित्याच्या बीजात. पित्याचे वय वाढते तशी शक्यता वाढते. (सुनेकडे रोखलेले बोट आता कोठे वळवावे? वास्तविक दोष त्याचाही नाहीच.) ग्रहणाचा येथे संबंध नाही, मामेबहिणीशी लग्न केल्याचाही नाही. मात्र रुग्णाच्या स्वतःच्या अपत्यात विकार उतरण्याची शक्यता निम्मी असते.

या मुलांची बुद्धी शाबूत असते. पाठीचा कणा नाजूक व डोके जड असल्याने त्यांना घाईने बसवू नये. पाठीला बाक येईल अशा मऊ झोळीत ठेवणेही टाळावे. झोपेत श्वास अडखळू लागला तर विलंब नको. कवटीच्या तळाशी मज्जारज्जूवर दाब येत असण्याचा संभव असतो. रोज टोचावयाचे ‘व्होसोरिटाइड’ हे औषध २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्य झाले. उंची त्याने थोडीफार वाढते, पण किंमत आम्हां नोकरदारांच्या आवाक्याबाहेरची!

आता माझ्या प्रांतातले. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात खुजेपणाचा उल्लेखच नव्हता. २०१६च्या कायद्याने तो स्वतंत्रपणे नोंदला. प्रौढ व्यक्तीची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर, किंवा त्याहून कमी अशी त्याची व्याख्या. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात ही मंडळी येतात. तेव्हा प्रमाणपत्र काढण्यास लाजू नये. आपले दुःख कागदावर आणणे आपल्या मध्यमवर्गीय घरांना कमीपणाचे वाटते, आणि त्यात मुलाचा हक्क बुडतो.

तपासणीसाठी मुंबईच के.ई.एम.च गाठावे लागते असे नाही. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत आनुवंशिकीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि लखनौला आपल्या झाशीहून थेट गाडी आहे. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच तेथे दाखवून यावे. जाताना केवळ आईला धाडू नये. वडिलांनीही सोबत जावे.