छायाचित्रांचे दफ्तर

मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने ज्यांनी हाताळली, मग ते राजवाडे असोत की पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादणारे रियासतकार सरदेसाई असोत, त्या सर्वांना एका अडचणीशी झगडावे लागले. पत्रावर चंद्र, म्हणजे तारीख, असतो, महिना असतो, मजकुरात फौजेचा, रसदेचा, खजिन्याचा तपशील असतो; वर्ष मात्र पुष्कळदा नसते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते, म्हणून ते घालण्याची गरज कोणास भासली नाही. आणि पुढे दीड-दोनशे वर्षांनी त्या एका आकड्यासाठी विद्वानांना कागदांचे रुमालामागून रुमाल सोडावे लागले. आपल्या जोयडा तालुक्यात जेथे जेथे मुलेमुली एकत्र बसून संगणक शिकतात, त्या मंडळांपुढे हा विषय आज मांडतो आहे, कारण आपल्या मोबाइलमध्ये साठलेली हजारो छायाचित्रे नेमकी त्याच अवस्थेत आहेत.

या तालुक्याला ही गोष्ट विशेष का लागू, हे जुन्या मंडळींस सांगावे लागणार नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमापाशी वसलेले सुपे हे एके काळी तालुक्याचे ठाणे होते आणि तालुकाही त्याच्याच नावाने ओळखला जाई. गणेशगुडीस १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि बाजार, कचेऱ्या, देवळे, राहती घरे यांसह ते गाव जलाशयाखाली गेले. माणसे रामनगरास व अन्यत्र जाऊन वसली, तालुक्याचा कारभार जोयड्यास आला. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, म्हणजे जुन्या वस्तीचे अवशेष दिसतात खरे, परंतु तेथे कोणाचे दुकान होते आणि कोणाची ओसरी होती, हे त्या दगडांवरून कळत नाही. ते कळू शकेल ते कोणाच्या तरी ट्रंकेत, लग्नाच्या अल्बममध्ये, नवरा-नवरीच्या पाठीमागे ओझरत्या उमटलेल्या रस्त्यावरून; आणि तो रस्ता ओळखणारी माणसे आता उतारवयात आहेत.

संगणक मंडळाने पहिले काम हाती घ्यावे ते हे. असे जुने चित्र मिळाले, की ते स्कॅनरवर, इंचाला निदान ६०० ठिपके या प्रमाणात, उतरवून घ्यावे. चिकट पानाला घट्ट बसलेले असेल तर ओढून काढू नये, पानासह उतरवावे. सुटे असेल तर त्याची पाठही अवश्य उतरवावी, कारण छायाचित्रकाराचा शिक्का आणि पेन्सिलीने घातलेली तारीख पाठीवरच असते. मग ते चित्र आजी-आजोबांपुढे ठेवावे आणि ते बोट ठेवून जे सांगतील, ते ध्वनिमुद्रित करावे. मला विचाराल तर चित्रापेक्षाही त्या बोलण्याचे मोल अधिक आहे. चित्र आणखी काही वर्षे टिकेल, त्या बोलण्यास मात्र दुसरी प्रत नाही.

आता आजच्या चित्रांविषयी. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एकच काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवावयास २३ सेकंद लागत. आज माघात उळवीला चन्नबसवेश्वराच्या जत्रेस बैलगाड्या येऊ लागल्या, की तेवढ्या अवधीत एखादा मुलगा पन्नास चित्रे सहज टिपतो. ती सारी 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरात एका निर्बुद्ध क्रमांकाने जाऊन पडतात. क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, किंवा दोन कॅमेऱ्यांतील चित्रे एकाच फोल्डरात ओतली, की एकाच नावाची दोन चित्रे समोरासमोर येतात, आणि संगणकाने विचारलेल्या प्रश्नास घाईने 'होय' म्हटले तर त्यांतले पहिले कायमचे पुसले जाते. यास्तव कॅमेऱ्यातून उतरवताच नाव बदलावे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग प्रसंग. '२०२४-०७-१४ उळवी भातलावणी' असे नाव दिले, तर संगणक ती चित्रे आपसूक कालक्रमाने लावतो. दिवस आधी घातला तर सगळ्या वर्षांच्या चौदा तारखा एका ठिकाणी गोळा होतात.

चित्राच्या पोटात कॅमेरा स्वतःही काही नोंदी ठेवतो: दिनांक, वेळ, भिंगाचे मान, आणि मुभा दिलेली असेल तर स्थळाचे अक्षांश-रेखांश. परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल तर ही साक्ष खोटी ठरते. आणि चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठवले, तर त्याचा आकार घटतो व त्या नोंदीही गळून जातात. म्हणून मंडळाच्या संग्रहासाठी मूळ चित्र तारेने अथवा कार्डातूनच घ्यावे. वाटेल तितक्या ठिकाणी फिरून आलेली प्रत दफ्तरी दाखल करू नये.

चलच्चित्रांचा प्रश्न मुख्यतः जागेचा. मिनिटभराच्या चांगल्या व्हिडिओस शंभर-सव्वाशे मेगाबाइट सहज लागतात, तेव्हा येथे निवड केलीच पाहिजे. निवड करताना नाचगाण्यापेक्षा हाताची कामे राखावीत, असे माझे मत आहे. नाच सगळेच टिपतात, सूप विणणारा हात क्वचितच कोणी टिपतो.

जतनाविषयी जाणकारांत रूढ असलेला नियम असा, की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. आपल्याकडे या नियमास पावसाची जोड द्यावी लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील आपल्या पावसाळ्यात भिंतीस, कपड्यांस, कॅमेऱ्याच्या भिंगासही बुरशी धरते. हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि दर दिवाळीच्या सुमारास ती जोडून, चित्रे उघडतात की नाही, हे पाहावे. रेंज मिळत नाही अशी गावे तालुक्यात पुष्कळ आहेत, त्यामुळे इंटरनेटवरील साठवणीवर सारी भिस्त ठेवता येत नाही. त्यापेक्षा एक डिस्क जोयड्यास आणि दुसरी दांडेलीस किंवा कारवारास कोणा आप्ताकडे असलेली बरी.

शेवटी नावांची नोंद. जानेवारीत जोयड्यास कुणबी बंधुभगिनींच्या कंदमुळांचा मेळा भरतो. मुडली, कणगी, सुरण मांडून बसलेल्या बायांची चित्रे बाहेरगावचे पाहुणे भराभर काढतात, आणि ती छापून येतात तेव्हा खाली एवढेच असते, की 'कंद विकणारी महिला'. मंडळाच्या मुलांनी तसे करू नये. आधी परवानगी विचारावी, मग चित्र काढावे, मग वहीत त्या बाईचे नाव, गाव, तिने मांडलेल्या प्रत्येक कंदाचे तिच्या तोंडचे नाव आणि तो कोणत्या महिन्यात लावतात व काढतात, हे तिथल्या तिथे उतरून घ्यावे. घरी आल्यावर लिहू म्हटले की अर्धे विसरते. लिहिलेले तिला वाचून दाखवावे, ती दुरुस्ती सांगेल ती करावी, आणि पुढच्या मेळ्यास जाताना त्या चित्राची एक छापील प्रत, मागे तारीख घालून, तिच्या हाती द्यावी.