आजोबांचे पासबुक, आत्याचा हिस्सा



सातारा-सांगलीतली आपली कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत राबली. त्यांनी तिथे उघडलेली खाती घरात अनेकदा कुणाला माहीतही नसतात. खात्यावर 10 वर्षे व्यवहार झाला नाही, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या ठेवीदार निधीत जाते. पण ती बुडत नाही; वारसांना नंतरही मागता येते.

2023 पासून 'उद्गम' पोर्टलवर मोफत शोध घेता येतो. मुलाणी, शिकलगार, बागवान ही आडनावे इंग्रजीत नाना तऱ्हेने लिहिलेली असतात. प्रत्येक स्पेलिंग टाकून पाहा. पोर्टलवर सगळ्या बँका नाहीत, म्हणून जुन्या सहकारी बँकेच्या शाखेतही विचारा. अर्ज बँकेकडेच करायचा. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे जोडायची. एजंट लागत नाही.

शेवटचे, पण महत्त्वाचे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो. आपल्याकडे मात्र बहिणींची हक्कसोडपत्रावर सही घेऊन विषय मिटवतात. अर्ज भरताना आजीला, आत्याला शेजारी बसवा, रक्कम वाचून दाखवा. सरकारकडे हक्क मागायचा, तर घरातल्या बाईचा हक्क आधी मानायला हवा.