शोगुनांचे जपान आणि आपला धम्म
(मालवण येथे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही बुद्धाला शरण गेलात. आता जात मागे राहिली, असा तुमचा विश्वास आहे. तो मोडावा म्हणून नव्हे, तर तो डोळस व्हावा म्हणून मी आज एका बौद्ध देशाची हकीकत तुमच्यापुढे ठेवीत आहे.

येथल्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेव्हा जपानात तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. ती १६०३ पासून १८६८ पर्यंत टिकली. सम्राट क्योतोत नामधारी, आणि शोगुन एदोत सर्वसत्ताधीश. पुढे आपल्याकडे सातारा व पुणे यांचे झाले तसेच. योद्धे, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी अशी समाजाची उतरंड होती. तिच्याही बाहेर 'एता' आणि 'हिनिन'. मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे एतांच्या माथी वंशपरंपरेने मारलेली. 'हिनिन' म्हणजे 'मनुष्य नव्हे'! वस्ती निराळी, सोयरीक आपसातच. याचा अर्थ तुम्हांआम्हांस कोणी फोड करून सांगावयास नको.

आणि हे बौद्ध देशात घडले. शोगुनांनी ख्रिस्ती धर्मास बंदी केली व प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात नाव नोंदविलेच पाहिजे, असा नियम केला. धर्मोपदेशक राजसत्तेचा दप्तरदार बनला. एतांची मंदिरे निराळी राहिली. कित्येक ठिकाणी मृताला द्यावयाच्या धम्मनामातही हीनतादर्शक अक्षरे घातली गेली. ज्या तथागतांनी उपाली न्हाव्यास आणि सुनीत झाडूवाल्यास संघात घेतले, त्यांच्याच नावाने हे चालले. दोष बुद्धवचनाचा नव्हता. समता गेली व केवळ विधी उरला, याचा होता.

१८७१ साली सरकारी फर्मानाने ही हीन नावे रद्द झाली. परंतु चामड्याच्या धंद्यावरील एतांचा मक्ता गेला आणि मदत काहीच मिळाली नाही. १८७२ च्या कुटुंबनोंदीत अनेक ठिकाणी त्यांच्यापुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा पडला. त्या 'नवे' शब्दावरून जुने सारे ओळखता येई! शेवटी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत त्यांनी स्वतःच 'सुइहेइशा' ही संघटना उभारली. तिच्या संस्थापकांतील साइको मांकिची हे एका बौद्ध मंदिराच्या कुटुंबातलेच होते. तरीही १९७५ साली त्यांच्या वस्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्यांनी विकत घेतल्याचे उघडकीस आले.

'नवबौद्ध' हा शब्द ऐकताना ही हकीकत आठवा. १९५६ साली बाबासाहेबांबरोबर धर्मांतर केलेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, मिळाल्या नाहीत. त्यांनी धम्म सोडला नाही आणि हक्कही सोडला नाही.

म्हणून वकील या नात्याने तीन गोष्टी सांगतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहा. पण १० ऑगस्ट १९५० पूर्वीची वाडवडिलांची शाळेची अथवा महसुली नोंद जपून ठेवा. जातीचा दाखला हा कोणाचा उपकार नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. दुसरे, अपमान झाला तर घरात रडू नका. लेखी फिर्याद द्या व तिची प्रत घ्या. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, पण कलम आपल्या पायांनी चालत पोलीस ठाण्यात जात नाही. तिसरे सर्वांत कठीण: मुलामुलींचे विवाह ठरविताना पोटजात विचारू नका. आपणच ती विचारू लागलो, तर मालवणच्या किनाऱ्यावर शोगुनांचे जपान उभे राहील, आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

जय भीम!