शाळेचा आनंदमेळा

किनवटहून आदिलाबादेकडे येणाऱ्या प्रवाशाला राज्याची सरहद्द कोठे ओलांडली हे पाटी वाचल्यावाचून कळत नाही. दोन्हीकडे शेतात कापूस असतो आणि बाजारात अर्धे बोलणे मराठीत चालते. १९५६ पर्यंत किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका होता. भाषावार प्रांतरचना झाली, किनवट नांदेडकडे गेला आणि तलमडुगु, जैनद, बेला या बाजूची मराठी बोलणारी गावे आंध्र प्रदेशात राहिली. २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. या टापूत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. सरकार शिक्षकाला पगार देते, मुलांना जेवण देते, पाठ्यपुस्तक देते. परंतु पाठ्यपुस्तकाखेरीज वाचायचे दुसरे पुस्तक कोठून आणावे, हा प्रश्न गावाने स्वतःच सोडवावा लागतो. मराठी पुस्तकांचे दुकान म्हणजे नांदेड किंवा यवतमाळ. तेव्हा तलमडुगुसारख्या गावातील शाळेने पुस्तकांच्या एका कपाटासाठी आनंदमेळा भरवावयाचे मनात आणले, तर त्याची आखणी कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मोठ्या शहरांतील शाळांना ‘फॅन्सी फेअर’ ही चीज जुन्या ओळखीची आहे. मुंबई, वसई येथील ख्रिस्ती शाळांच्या पटांगणात ती वर्षानुवर्षे भरत आली. गोव्याचा कार्निव्हल निराळा. उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीचे ते तीन दिवसांचे खाणे, गाणे आणि सोंगे. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६५ पासून त्याची मोठी मिरवणूक निघू लागली. त्याचे नाव ऐकून गावोगावच्या शाळांनी आपल्या मेळ्यालाही ‘कार्निव्हल’ म्हणावयास सुरुवात केली आहे. नाव काहीही ठेवावे. मात्र नावाबरोबर भाड्याचा पाळणा, भाड्याचे ध्वनिक्षेपक आणि भाड्याची रोषणाई आलीच पाहिजे असे जे समजले जाते, तेथे हिशेब बुडतो.

हा हिशेब एकदा फळ्यावर मांडून पाहावा. समजा, शाळेला वीस हजार रुपये उभे करावयाचे आहेत. भज्यांची एक पुडी करावयास सहा रुपये लागले आणि ती दहा रुपयांस विकली, तर पुडीमागे चार रुपये उरतात. वीस हजारांसाठी पाच हजार पुड्या खपावयास हव्यात! इतकी भजी खाणारे गाव या तालुक्यात नाही. त्यात पाळण्याचे भाडे मिळवले म्हणजे शाळेच्या पदरी उसनवारी येते आणि पाळणेवाला समाधानाने पुढच्या गावाला निघून जातो. परंतु डाळीचे पीठ एका घराने दिले, तेल दुसऱ्याने, लाकूडफाटा तिसऱ्याने आणि तळावयास गावच्या आयाबाया बसल्या, तर पुडीचे दहाच्या दहा रुपये शाळेचे होतात. मग दोन हजार पुड्याही लागत नाहीत. कारण शेजारच्या पालावर भाकरी आहे, हुरडा आहे, चहा आहे. मेळ्यात पैसा येतो तो विक्रीतून येतो असे वाटते. वास्तविक तो आधीच घराघरांतून पीठ, गूळ आणि श्रम या रूपाने जमलेला असतो. मेळा त्याचे नाणे करून देतो.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातील मुलांसाठी घरोघर रोज मूठभर धान्य बाजूला ठेवण्याची प्रथा त्यांनी पाडली. ज्या घरातून रुपया निघणे अशक्य, त्या घरातून मूठ निघत असे. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड याच जातीचा. माणशी एक पैसा मागत हा मनुष्य गावोगाव फिरला आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज मागितली. मागणे लहान ठेवले की देणाऱ्याची मान ताठ राहते, हे या तिघांनीही ओळखले होते.

तलमडुगुच्या मेळ्याची पहिली बैठक म्हणूनच पालांच्या संख्येवर होऊ नये. कशासाठी, किती आणि केव्हापर्यंत, या तीन प्रश्नांची उत्तरे तीत ठरावीत. ‘शाळेच्या मदतीसाठी’ असे मोघम लिहिले की माणूस खिशात हात घालताना थबकतो. ‘एक लाकडी कपाट आणि तीनशे पुस्तके, मराठी, तेलुगू आणि गोंडी’ असे लिहिले की तो विचारतो, कपाट कोण सुतार करणार? हा प्रश्न आला म्हणजे अर्धे काम झाले. गोंडी पुस्तकांचा उल्लेख शोभेसाठी नाही. पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या मारलवाई येथे १९४३ साली हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि त्या शाळांसाठी गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मराठी शिकलेले मूल गोंडी वाचू शकते आणि गोंड मूल मराठी, ही सोय येथे पूर्वीच होऊन बसलेली आहे. तेलुगू तर राज्याची भाषा; २०१८ च्या कायद्याने ती शाळेत सक्तीचीही झाली. एका कपाटात तिन्ही भाषा नांदाव्यात हे या गावाला जितके साजेल तितके पुण्याला साजणार नाही.

दिवस कोणता धरावा, याला फार महत्त्व आहे. ज्या महिन्यात कापूस झाडावर असतो त्या महिन्यात घरात पैसा नसतो आणि हातांना सवड नसते. वेचणी होऊन कापूस आदिलाबादच्या बाजार समितीत गेला, की दोन्ही सुटतात. पौष अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा भरते; तिच्या आसपास मेळा ठेवणे म्हणजे रिकाम्या पटांगणाला निमंत्रण देणे होय. मार्चमध्ये परीक्षा. राहतात ते जानेवारी-फेब्रुवारीतले मोजके रविवार. त्यांतूनही आठवड्याच्या बाजाराचा दिवस वगळावा. शिवाय आदिलाबादची थंडी सबंध तेलंगणात प्रसिद्ध आहे. वाडीवस्तीवरची मुले अंधारात, कुडकुडत घरी जाणार असतील तर आया पुढच्या वर्षी पाठवणार नाहीत. दुपारी सुरू करून दिवेलागणीला आवरते घ्यावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्याने बंदी आहेच. ती वेळ येऊच देऊ नये.

केसलापूरचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. आखणी शिकावयाची तर मेसराम कुळाच्या गोंडांकडून शिकावी. जत्रेच्या कितीतरी दिवस आधी ते पायी निघतात, जन्नारमजवळच्या हस्तलमडुगु येथून गोदावरीचे पाणी आणतात. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांनीच घडवावयाची असा नेम आहे. कोणी काय आणावयाचे, कोणी कोठे शिजवावयाचे, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. तेथे छापील कार्यक्रमपत्रिका नसते आणि गोंधळही नसतो. आपल्या सभांतून नेमके उलट दिसते.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मेळ्याला रंग यावा म्हणून मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी बोलवावेत, तिकीट लावावे, अशी सूचना बैठकीत हटकून येते. गुसाडी हे दिवाळीच्या दंडारीचे अंग आहे. एका गावची दंडारी दुसऱ्या गावी जाते, ते गाव तिला जेवू घालते, आणि त्यातून नातीगोती जुळतात. तो देवधर्म आहे. मारलवाईच्या कनक राजूंना या नृत्यासाठी २०२१ सालचा पद्मश्री मिळाला, म्हणून शाळेने त्याचा खेळ मांडावा असे होत नाही. गोंड पाड्यातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. ते नको म्हणाले तर विषय तेथेच मिटवावा. त्यांच्या बायकांनी मोहफुलांचे लाडू आणले तर मात्र त्यांना पहिले पाल द्यावे. उटनूरला आदिवासी स्त्रियांची सहकारी संस्था असे लाडू करून विकते. निर्मळची लाकडी खेळणी मांडली तरी गिऱ्हाईक थांबेल.

खेळांच्या बाबतीत तारतम्य ठेवावे. कडे फेकून वस्तू जिंकणे, डोळे बांधून मडके फोडणे, गाढवाला शेपूट लावणे, यांत मुलाचा नेम लागतो किंवा चुकतो. चिठ्ठी काढून बक्षीस देणाऱ्या सोडतीत तसे काही नाही. शिवाय परवानगीवाचून सोडतीची तिकिटे विकणे कायद्याच्या कक्षेत येते. दहा वर्षांच्या मुलाला शाळेनेच आकड्यावर पैसे लावावयास शिकवावे, आणि तेही पुस्तकांच्या कपाटासाठी, हा व्यवहार विचित्र दिसतो.

त्याहून नाजूक प्रश्न तिकिटांच्या सक्तीचा. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने दहा तिकिटे खपविलीच पाहिजेत’ अशी आज्ञा निघते. ज्याची खपत नाहीत त्याच्या बापाला ती विकत घ्यावी लागतात, किंवा ते मूल दोन दिवस शाळेत येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ठरलेल्या शुल्काबाहेर पालकांकडून देणगी वसूल करण्यास मनाई केली आहे. कायदा नसता तरीही ही रीत वाईटच. ज्याच्या मुठीत नाणे नाही असे मूल पालाच्या बांबूला धरून उभे असते. त्याला भूक नसते असे नव्हे. त्याने घरी जाऊन ‘मजा आली’ असे सांगावयाचे ठरविलेले असते. यासाठी उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी पटांगण झाडणे, पताका चिकटवणे, पाणी भरणे या कामांत प्रत्येक मुलाला घ्यावे आणि प्रत्येकाला सारखीच पाच कुपने द्यावीत. श्रीमंताच्या मुलालाही तीच पाच. मग कोणाचे कुपन कमाईचे आणि कोणाचे विकतचे, हे पालावर ओळखू येत नाही.

कुपनांचा दुसरा उपयोग पैशाच्या बंदोबस्ताचा. रोकड एकाच टेबलावर यावी. पालांनी केवळ कुपने स्वीकारावीत. टेबलावर दोघे असावेत, एक शिक्षक आणि एक पालक, आणि ते दोघे एकाच घरचे नसावेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असे कायदा सांगतो आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही. पेटीची किल्ली त्यांपैकी एखाद्या बाईकडे दिल्यास गाव निश्चिंत झोपते असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे.

गावात दोन तट असतात, हे गृहीत धरूनच चालावे. १९२१ च्या ८ जुलैला मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी त्या रात्री एका रंगमंचावर उभे राहिले. लोकांनी त्यासाठी गर्दी केली ती नाटक नवे होते म्हणून नव्हे. ते दोघे एकत्र कधी दिसले नव्हते म्हणून. एका तटाच्या पुढाऱ्याने भजी तळावीत आणि दुसऱ्याने ती वाढावीत, एवढे तलमडुगुत जमले तरी शेजारच्या चार गावांची माणसे ते पाहण्यासाठी येतील.

मेळा उठला की त्याच रात्री, कंदील असो वा दिवा, नाणी मोजावीत. जमा, खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तेलुगूत आणि मराठीत लिहावेत. पीठ देणाऱ्या घरांची नावे लिहावीत, पण कोणी किती दिले ते लिहू नये. उरलेले पीठ मुलांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात पोचते करावे. सुताराला कपाटाचे माप आधीच दिलेले असावे; खालचा कप्पा पहिलीच्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, आणि दाराला कुलूप नको.