शेवटचा खंड आणि श्रोते



भाताची खाचरे उन्हाने तडकली आहेत, लग्नसराई ऐन भरात आहे, आणि तरीही संध्याकाळी आपण पौडपर्यंत व्याख्यान ऐकायला आलात. आमच्यावर त्यामुळे जबाबदारी येऊन पडते. विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो एका विद्यार्थ्याने आमच्या पदरात टाकला.

गेल्या पावसाळ्यात हा मुलगा काखोटीला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मारून आमच्याकडे आला. चेहरा असा की, घरात काही बरेवाईट झाले असावे. विचारले, तर म्हणाला, ‘पुस्तक संपलं.’ ते होते ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतकथामालेचा चौदावा आणि शेवटचा खंड. रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाने ही माला १९९० साली सुरू केली. अकरा खंड झाले आणि २००७ साली तो वारला. शेवटचा प्रसंग त्याने आधीच लिहून ठेवला होता. मधला मजकूर टाचणांत आणि सांगून ठेवलेल्या बोलांत होता. त्याची पत्नी हीच त्याची संपादिका. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे काम सोपविले. एका खंडात मावेल अशी कल्पना होती, त्याचे तीन खंड झाले, आणि २०१३ च्या जानेवारीत गोष्ट पुरी झाली. पहिल्यापासून वाचणाऱ्यांची तेवीस वर्षे त्यात गेली होती.

आम्ही आपले समजुतीच्या सुरात म्हणालो, ‘दुसऱ्याच्या हातचे लिखाण, तेव्हा थोडे कमीजास्त व्हायचेच.’ त्यावर तो उसळलाच. ‘दुसऱ्यानं लिहिलं याचा राग नाही. त्यानं लिहिलं म्हणून तर शेवट मिळाला. पण बाराव्या खंडातला मॅट मॅटसारखा बोलतच नाही!’ हा मॅट त्या कथेतला एक जुगारी, बोलघेवडा नायक. पुढे आमच्या ध्यानात आले की, ही एकट्या आमच्या विद्यार्थ्याची लहर नव्हे. जगभरच्या कित्येक वाचकांनी नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवले होते. पुढल्या दोन खंडांत त्याचे बोलणे बरेचसे वळणावर आले, हेही त्यांनीच आवर्जून सांगितले.

असल्या तक्रारी विद्वान मंडळी हसण्यावारी नेतात. हॅरी पॉटरचा सातवा खंड २००७ साली निघाला, त्याच्या अखेरीस एकोणीस वर्षांनंतरचे एक प्रकरण आहे. ते नसते तर बरे, असे म्हणून मुले हिरमुसली, तेव्हाही मोठ्यांना गंमतच वाटली. आम्हांला ती वाटत नाही. आम्ही ज्या कोळवण खोऱ्यात वाढलो, तिथे हे सारे देवळात घडताना पाहिलेले आहे.

आषाढात भाताची लावणी आटोपली, पाऊस घराबाहेर पडू देईनासा झाला, की देवळात पोथी लागे. आमच्याकडे भावार्थ रामायण लागे. वाचकाने ओवी म्हणावी, सूचकाने तिचा अर्थ सांगावा, आणि घोंगड्यांवर बसलेल्या मंडळींनी मध्येच हुंकार द्यावा. सुमारे चाळीस हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका चातुर्मासात काही पुरा होत नाही. खूण घालून पोथी बासनात बांधायची आणि पुढल्या आषाढात तिथून सुरू करायची. गोष्टीसाठी वर्ष-वर्ष थांबणे, ही काही परदेशांतून आलेली चाल नव्हे.

आता हा ग्रंथ नाथमहाराजांनी पुरा केलेला नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पाच कांडे झाली, युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले, आणि पुढे १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. पंचेचाळिसाव्या अध्यायापासून युद्धकांडाचा राहिलेला भाग आणि सबंध उत्तरकांड लिहिले ते त्यांच्या शिष्याने, गावबाने. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांघरी राहिलेला मंदबुद्धी मुलगा, अशी आख्यायिका आहे. ग्रंथ हा पुरा करील, असे नाथ म्हणाले तेव्हा पैठणच्या मंडळींना ते खरे वाटेना. म्हणून नाथांनी आपल्यासमोरच त्याच्याकडून एक अध्याय लिहवून घेतला, असे सांगतात. आख्यायिकेची शहानिशा करीत बसण्याचे कारण नाही. पण ती जन्मली कशातून, हे दिसते. शेवट परक्या हाती जातो आहे म्हटल्यावर श्रोते धास्तावतात. पैठणचेही धास्तावले असतील, आणि कुणीतरी त्यांची खात्री पटवावी लागली असेल.

वयाच्या सोळाव्या वर्षी आम्ही देवळात वाचकाच्या जागी बसलो. चव्वेचाळिसावा अध्याय संपला ती रात्र आम्हांला आठवते. पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता. इथे नाथांचा हात थांबला, हे आम्हांला पुस्तकातून कळलेले. दुसऱ्या रात्री मुद्दाम काही न सांगता आम्ही पुढे वाचले आणि श्रोत्यांकडे चोरून पाहत राहिलो. कुणाची मान हलली नाही. हुंकार होते तिथेच पडत होते. हनुमंत हनुमंतासारखा उडत होता, रावण रावणासारखा बोलत होता. मग लिहिणारा कोण, याची पंचाईत त्यांना कशाला?

मात्र याच श्रोत्यांत आमची थोरली आत्या होती. राज्याभिषेकाचा दिवस झाला की ती देवळात येणे बंद करी. उत्तरकांड तिने कधी ऐकले नव्हते. कारण विचारले, तर म्हणे, ‘सीतेला रानात सोडणारा तो माझा राम न्हाय. तो दुसराच कुणी.’ गावबाचे नावसुद्धा तिला ठाऊक नव्हते. आमच्या विद्यार्थ्याने मॅटबद्दल जे म्हटले, त्यात आणि या बोलण्यात आम्हांला तरी फरक दिसत नाही.

उलटा प्रकारही आपल्याच देशात घडलेला आहे. दूरदर्शनवरचे रामायण १९८८ च्या जुलैअखेर राज्याभिषेकाशी आणून संपविण्यात आले. त्या वेळी वाल्मीकीला आपला पूर्वज मानणाऱ्या समाजातील सफाई कामगारांनी उत्तरेतल्या काही शहरांत काम बंद ठेवले. लवकुश राहिले, वाल्मीकीचा आश्रम राहिला, तेव्हा गोष्ट पुरी करा, ही त्यांची मागणी. पुढे उत्तर रामायण दाखवावे लागले. आत्याला जो भाग नको होता, त्याच भागात या मंडळींचे घर होते.

आणि महाभारताचे तर विचारूच नका. अठरावे पर्व. धर्मराज स्वर्गात पोचतो आणि पाहतो तो दुर्योधन सिंहासनावर! तो चिडतो, भाऊ कुठे आहेत विचारतो, आणि ते नरकात आहेत असे दिसल्यावर आपणही तिथेच राहणार म्हणून हटून बसतो. पुढे त्या नरकाचा उलगडा होतो खरा, पण शेवट न पटलेला इतका मोठा वाचक आम्हांला दुसरा माहीत नाही. एवढे ऐकूनही जनमेजयाचे समाधान होत नाही. ही सारी मंडळी स्वर्गात राहिली ती किती काळ, त्यांचे पुढे काय झाले, असे तो वैशंपायनाला विचारतो. व्यासांनी हा प्रश्न ग्रंथातून गाळला नाही, हे आम्हांला मोठे वाटते.

आत्याच्या शेवटच्या चातुर्मासात तिला देवळापर्यंत चालवेना. आम्ही रात्री तिच्या उशाशी बसून वाचीत असू. राज्याभिषेकाचा अध्याय संपला. आम्ही पोथी बांधायला घेतली, कारण आजवरचा रिवाज तोच होता. ती म्हणाली, ‘बांधू नगं. म्होरलं वाच.’

आम्ही म्हटले, ‘आत्या, तुम्हांला ते आवडत नाही.’

‘आवडत न्हाईच. पर तिचं काय झालं ते ऐकल्याबिगर मी जाऊ व्हय?’

उत्तरकांड बरेच दिवस चालले. परिटाचा प्रसंग आला, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरविले. पण थांब म्हणाली नाही. लवकुश जन्मले त्या रात्री गूळ वाटायला लावला. धरणी दुभंगली आणि सीता तिच्या पोटात गेली, तिथे आमचाच आवाज अडला. आत्या मात्र कोरड्या डोळ्यांनी आढ्याकडे पाहत होती.

‘बरं झालं,’ ती म्हणाली, ‘म्हायेरी गेली.’

सूचकांकडून इतक्या वर्षांत आम्ही तो अर्थ ऐकलेला नव्हता. जरा वेळाने तिने विचारले, ‘आन् राम? त्यो काय म्हनला मग?’

आम्ही पान उलटले. शरयूच्या काठापर्यंत वाचत गेलो तोवर तिला झोप लागली होती. राहिलेल्या ओव्या आम्ही हळू आवाजात म्हटल्या आणि पोथी बासनात बांधली.