अर्ध्या वर्षाची शाळा

शहरातील सुशिक्षित कुटुंबात वर्षाचे दोन आरंभ मानले जातात. एक गुढीपाडव्याचा आणि दुसरा जूनमधील शाळेचा. नव्या पुस्तकांना वेष्टने चढतात, दप्तराची चौकशी होते, आणि मग एप्रिलच्या परीक्षेपर्यंत मुलाचा दिनक्रम घड्याळाच्या काट्यासारखा चालू लागतो. ह्या दहा महिन्यांत मुलाने कोठे राहावे, कोणाच्या हातचे जेवावे, हा प्रश्न तेथील आईबापांस सहसा पडत नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मात्र हाच प्रश्न दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास घरोघर उभा राहतो. तेथील मुलाच्या वर्षावर दोन पंचांगांची सत्ता चालते. एक शाळेचे, दुसरे साखर कारखान्याचे. पहिले जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये संपते. दुसरे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत, आणि ऊस उदंड असला तर त्याहीपुढे चालते. ह्या दोन पंचांगांच्या ओढाताणीत जे फाटते ते मुलाचे शिक्षण होय.

ही ओढाताण उत्पन्न कशी झाली हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज ह्या तालुक्यांतील पुष्कळशी जमीन माळरानाची आणि हलकी आहे. पावसाचा भरवसा नाही. खरिपाचे एक पीक हाती आले म्हणजे शेतात करण्याजोगे काम फारसे उरत नाही. इकडे पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या मुलखात उसाचे मळे वाढत गेले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे 1950-51 च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांग लागली. कारखान्यास तोडणारे हात हवे होते आणि बालाघाटास पोटाला काम हवे होते. 1972 च्या दुष्काळाने ह्या दोहोंची गाठ अधिकच घट्ट केली. तेव्हापासून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे ह्या जिल्ह्यांत आणि पलीकडे कर्नाटकातही बीडचे कोयते जात आले आहेत.

'कोयता' हा शब्द तेथे केवळ हत्याराचा वाचक नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन ह्या जोडीस आगाऊ रक्कम देतो. तिला 'उचल' म्हणतात. ती लग्नात, दवाखान्यात किंवा बी-बियाण्यांत खर्च होते, आणि हंगामात ऊस तोडून ती फेडावयाची असते. जोडीतील एक माणूस मागे राहिले तर अर्धाच कोयता उरतो व उचल फिटत नाही. म्हणून आई आणि बाप ह्या दोघांनाही गाव सोडणे भाग पडते. मुलाच्या शाळेचा प्रश्न नेमका येथून निघतो.

ह्या मुलाच्या वर्षाचा पूर्वार्ध मात्र मोठा रम्य असतो. जूनच्या मध्यास जिल्हा परिषदेची शाळा उघडते. भिंतीवर रंगविलेला महाराष्ट्राचा नकाशा, दारातील लिंबाचे झाड, परिपाठाच्या वेळी ओळीने उभे राहून म्हटलेली प्रार्थना, बालभारतीच्या नव्या पुस्तकाचा वास आणि दुपारच्या खिचडीसाठी धुऊन ठेवलेली ताटली, ह्या गोष्टी त्याच्या आठवणीत खोल रुजतात. पाऊस पडला की डोंगर हिरवा होतो. शाळा सुटल्यावर शेळ्या वळावयास जावे आणि झाडावर फुगत चाललेल्या सीताफळांवर नजर ठेवावी, हा पोरांचा नित्याचा उद्योग. सीताफळाचे डोळे उघडू लागले म्हणजे ते उतरवून पिकत घालावयाचे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नसते. ते आजीकडून नातवाकडे येते.

संध्याकाळी चुलीपुढे आई भाकरी थापीत असते. तिच्या उजेडात मुलगा मोठ्याने धडा वाचतो. आईस अक्षर येत नसले तरी वाचनाचा सूर अडखळला की ती मान वर करून पाहते, आणि तेवढ्याने पोर सावरते. बाप दिवसभर रानात असतो. पण एखाद्या रात्री पत्र्याच्या पेटीतून तो कागदांची एक गुंडाळी काढतो. गेल्या हंगामातील वजनाच्या पावत्या त्या. "वाच बरं, किती टन झाला?" असे तो विचारतो, आणि चौथी-पाचवीतील पोर बोटाने अंक दाखवीत बेरीज करू लागते. उचल किती, फिटली किती, मुकादमाकडे बाकी किती, हा हिशेब घरात प्रथमच कोणी तरी कागदावर पडताळून पाहत असते. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या मजुरीत शेकडा 34 वाढ ठरली. तिचा आपल्या घरी अर्थ काय हे ज्यास काढता आले, त्याची शेकडेवारी परीक्षेपुरती राहिली नाही. शाळा ही त्या कुटुंबात शोभेची वस्तू नसून उपयोगाची वस्तू आहे हे अशा रात्री कळते. 'ह्या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही' असे जे शहरात सहज बोलले जाते, त्याचे उत्तरही त्या पावत्यांच्या गुंडाळीतच आहे.

मग सीताफळे पिकतात, दसरा होतो, सहामाही परीक्षेचे पेपर सुटतात. अंगणात ट्रक किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली उभी राहते. बाजरीची पोती, भांडी, गोधड्या, चूल पेटविण्यापुरते सरपण, कोंबड्यांची डालगी आणि एखादी शेळीही तीत चढते. बैलगाडीवर जाणारे बैलांच्या शिंगांना रंग देऊन निघतात. दिवाळी कित्येकदा वाटेतच होते. ह्या गडबडीत घरातील सर्वांत मोठा निर्णय फार थोड्या शब्दांत उरकला जातो. सून म्हणते, "लेकराकडं ध्यान ठिवा, आत्याबाई." सासू म्हणते, "तू जा बिनघोर. मी हाय." ह्या 'मी हाय' मध्ये त्या मुलाचे पुढचे सहा महिने सामावलेले असतात. हे शब्द उच्चारणारे माणूस ज्या घरी आहे तेथील मूल शाळेत राहते. ज्या घरी नाही तेथील मूल ट्रॉलीत चढते.

ट्रॉलीत चढलेल्या मुलाचे काय होते? कारखान्याच्या आसपास माळावर बांबू, पाचट आणि ताडपत्री ह्यांची कोपी उभारली जाते. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचे वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून तोडणीस आणि भरणीस रात्र-दिवस असा भेद राहत नाही. आईबाप पहाटेच्या काळोखात फडात जातात. मूल मागे उरले तर धाकट्या भावंडास सांभाळते, दुरून पाणी आणते, कोपी राखते. बरोबर गेले तर मोळ्या बांधावयास आणि वाढे गोळा करावयास लागते. दहा वर्षांची मुलगी ह्या दिवसांत अर्धी गृहिणी होऊन जाते. तिचे दप्तर कोपीच्या मेढीला टांगलेले असते. पहिल्या आठवड्यात ती ते उघडते, दुसऱ्यात त्याकडे पाहते, आणि पुढे त्यात आई मिरच्यांची पुडी ठेवू लागते.

ह्या मुलांसाठी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' निघाल्या. स्वयंसेवी संस्थांनी त्या कष्टाने चालविल्या, आणि अनेक मुलांची अक्षरओळख त्यांनी टिकवून धरली. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. 6 ते 14 वर्षांच्या कोणत्याही मुलास वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याने ठरविले. गाव सोडणाऱ्या मुलाने बरोबर नेऊन नव्या शाळेत दाखवावयाचे शिक्षण हमी पत्रकही आले. परंतु कायदा शाळेचे दार उघडू शकतो. कोपीपासून त्या दारापर्यंतची वाट चालण्यास मुलास मोकळीक हवी, आणि ती आईबाप फडात असता कोणी द्यावयाची? शिवाय टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते. कर्नाटकात गेलेल्या मुलास तर फळ्यावरील अक्षरेच अनोळखी भासण्याचा संभव. वसंत उलटून तो गावी परततो तेव्हा वर्गातील सोबती अपूर्णांक ओलांडून पुढे गेलेले असतात. तो मात्र दिवाळीपूर्वीच्या पानावरच उभा असतो. वर्गात मागे पडल्याची लाज ही फार बोलकी नसते. ती मुलास मागच्या बाकावर नेऊन बसविते, आणि एक-दोन हंगामांनी शाळेबाहेर नेते.

मागे राहिलेल्या मुलाची गोष्ट निराळी. पण तीही सुखाचीच असते असे नाही. अशा मुलांसाठी गावातच 'हंगामी वसतिगृह' चालविण्याची योजना आहे. शाळेच्या आधाराने मुलांची दोन वेळच्या जेवणाची सोय तेथे होते आणि ती वर्गात टिकतात. सकाळी आजीने केस विंचरावे, दिवसा शाळा व्हावी, संध्याकाळी पंगतीला बसावे आणि रात्री पुन्हा आजीच्या गोधडीत शिरावे, असा हा क्रम असतो. आजीची दृष्टी अधू असते. तिला औषधाच्या वेळेची आठवण नातू देतो. कोण कोणास सांभाळतो हे सांगणे कठीण पडावे अशी ती दोघांची जोडी असते. रात्री भरणी आटोपली म्हणजे फडावरून भ्रमणध्वनी येतो. आई पहिला प्रश्न विचारते, "जेवलास का?" आणि दुसरा, "साळंत गेलतास का?" मुलगा दोन्हींना 'हो' म्हणतो. ताप आला होता हे तो सांगत नाही. आणि उसाच्या पात्याने हात कापला हे आईही सांगत नाही. संक्रांतीचा तिळगूळ आजी देते, त्यातला एक तुकडा तो कागदात बांधून ठेवतो. तो चैत्रापर्यंत टिकत नाही हे त्यास ठाऊक असते, तरी ठेवतो.

मुलगी मोठी होऊ लागली म्हणजे प्रश्न अधिक बिकट होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीस कोपीत ठेवण्याची आईस भीती वाटते आणि गावी म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर ठेवण्याचीही भीती वाटते. ह्या दोन भीतींमधून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणून तिचे लग्न उरकले जाते. शिवाय लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो. 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा 43.7 स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वीच झाल्याचे आढळले. ह्यास ऊसतोडणी हे एकमेव कारण नव्हे. परंतु मुलीस ठेवण्यास सुरक्षित जागा नसणे हे त्यांतील एक मोठे कारण आहे. सरकारने 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना हाती घेतली. तीत मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहे योजिलेली आहेत. मुलीस निवारा मिळाला की तिच्या लग्नाची घाई आपोआप मंदावते. म्हणून अशा वसतिगृहातील प्रत्येक खाट ही एका मुलीच्या बालपणाची मुदतवाढ समजली पाहिजे.

ह्या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. बालाघाटातील मुलाची शाळा मास्तरांच्या निष्ठेवर, पुस्तकांवर किंवा इमारतीवर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती संध्याकाळी घरी कोण असेल ह्यावर अवलंबून आहे. ज्या घरी आजी आहे तेथे ही जबाबदारी ती मुकाट्याने उचलते. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. ज्या घरी आजी नाही, किंवा आहे पण थकलेली आहे, तेथे समाजाने आजी झाले पाहिजे. वसतिगृहाचा खरा अर्थ इतकाच आहे. आजी ट्रॉली हलण्यापूर्वी दारात उभी असते. वसतिगृहही त्याच दिवशी उघडे असले पाहिजे. ते महिनाभर उशिरा उघडले तर तोवर मूल शेकडो मैलांवर जाऊन पोहोचलेले असते, आणि मग मांडलेल्या पंगतीला बसावयास कोणी उरत नाही.

शहरातील घरात सकाळच्या चहात साखर पडते तेव्हा तिचा भाव सर्वांस ठाऊक असतो. त्या भावात तोडणी धरलेली असते, वाहतूक धरलेली असते, गाळपही धरलेले असते. एका मुलाचा दिवाळी ते पाडवा एवढा अभ्यास मात्र त्यात कोठेच धरलेला नसतो. तो खर्च आजवर त्या मुलानेच सोसला आहे. तो त्याच्याकडून काढून घेऊन सर्वांनी मिळून वाटून घ्यावा, ही मागणी दयेची नाही. हिशेबाची आहे. आणि हिशेब कसा पडताळावा हे बालाघाटातील पोरे वजनाच्या पावत्यांवर शिकत आहेत.