चाळणी कोणाच्या हाती?



उत्तरपत्रिका परत दिल्या की एखादा विद्यार्थी हमखास टेबलाजवळ येतो आणि विचारतो, "सर, माझा एक गुण का कापला?" मी त्याला उत्तर उघडून दाखवतो. कधी चूक त्याची निघते, कधी माझी. पण विचारायला जागा असते, म्हणून निकालावर त्याचा विश्वास बसतो. आज मला याच विश्वासाविषयी दोन शब्द सांगायचे आहेत. मात्र येथे परीक्षक माणूस नाही, यंत्र आहे.

मोबाइलवर आपण फेसबुक उघडतो, तेव्हा आपल्या सर्व स्नेह्यांचा सगळा मजकूर पुढे येत नाही. कोणता वर दाखवायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे संगणकाला घालून दिलेल्या नियमांनी ठरते. या नियमांच्या साखळीस अल्गोरिदम म्हणतात. ही एक प्रकारची चाळणीच होय.

२०१५ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी फेसबुक वापरणाऱ्या ४० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २५ जणांना अशी चाळणी आहे याचा पत्ताच नव्हता! मित्राचा मजकूर दिसला नाही, की त्यानेच आपल्याला वगळले असे त्यांतील पुष्कळांना वाटे. दोष यंत्राचा आणि खापर माणसाच्या माथी! संशोधकांनी मागे राहिलेला मजकूर दाखवला, तेव्हा घरच्यांचा व जिवलगांचा मजकूर हुकल्याचे त्यांना सर्वांत अधिक लागले. पुढे बहुतेकांचा राग निवळला. चाळणी आहे हे कळल्यावर आपल्या हातीही काही आहे, असे त्यांना वाटू लागले.

दुसरे उदाहरण ट्विटरचे. मोठे छायाचित्र कापून दाखवताना त्याचे यंत्र गोऱ्या चेहऱ्यांना झुकते माप देते, अशी तक्रार २०२० साली वापरणाऱ्यांनीच केली. कंपनीने तपासणी करून मे २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. समान मापापेक्षा गोऱ्यांच्या बाजूने ४ टक्के आणि स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के फरक आढळला. छायाचित्र कसे कापावे हे माणसानेच ठरवणे बरे, असेही कंपनीने मान्य केले. लोकांनी विचारले, म्हणून हे घडले.

सारांश, सर्वांना एकच माप लावले एवढ्याने माणसाचे समाधान होत नाही. माप कोणते, ते कोणाच्या हाती आणि दाद कोठे मागायची, हेही त्याला कळावे लागते. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्यात हेच तत्त्व दिसते. निवडीचे मुख्य निकष सांगणे त्याने बंधनकारक केले. शिवाय वापरणाऱ्याच्या सवयी टिपून न केलेली मांडणी निवडण्याची सोय अतिमोठ्या सेवांनी द्यावी, असेही ठरवले.

पालकहो, आखातातल्या भावाचा आठ दिवसांत काही मजकूर दिसला नाही, तर रुसण्यापूर्वी त्याला एक फोन करा. विद्यार्थी मित्रांनो, पडद्यावर जे वर आले तेच महत्त्वाचे, असे मानू नका. एखादी बातमी दोन ठिकाणी ताडून पाहा. आणि गुणांबद्दल मला विचारता, तसे या यंत्रांबद्दलही निर्भयपणे विचारा. प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला कधीच उद्धट वाटला नाही.